पिवळ्या पिंपाच्या बाहेर

आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या तेलछावणीत अमेरिकन साहेब दर शुक्रवारी बेसबॉल खेळत, आणि कुठल्याच संघाचा नाही म्हणून स्टोअरकीपर गफूरला अंपायर करत. चेंडू मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पिवळ्या पिंपाच्या आतल्या बाजूने मैदानाबाहेर गेला तर होमरन, म्हणजे षटकारासारखा; बाहेरून गेला तर फाउल, म्हणजे फुकट, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

महिनाभराच्या स्पर्धेतला आज पहिला सामना होता, आणि शेवटच्या डावात बॅट मॅनेजरसाहेबांच्या हातात होती; होमरन झाला तर सामना त्यांचा. त्यांच्याच टेबलावर गफूरचा रजेचा अर्ज पडून होता. सोमवारी बोट सुटणार होती, आणि रत्नागिरीला लेकीचा निकाह ठरला होता.

साहेबांनी टोलावलेला चेंडू उंच उडाला आणि पिंपाच्या वीतभर बाहेरून वाळूत पडला.

"गफूरभाई, आतून गेला म्हणा नि घरी जावा!" मागून त्याचा सोबती झहूर कुजबुजला.

पण गफूरच्या तोंडातून "फाउल!" निघून गेलं.

पुढच्याच चेंडूवर साहेब बाद झाले आणि सामना हरले. बॅट फेकून ते तरातरा गफूरकडे आले आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.


"असा सच्चा अंपायर मी आजवर पाहिला नाही, गफूर. स्पर्धा संपेपर्यंत तुला कुठेही जाऊ देणार नाही!"