अण्णांची लाइन

पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तेजस्वीला निपाणीतच थांबावं लागलं. कडोलीच्या साहित्य संमेलनात तिची पहिलीवहिली कथा तिची मैत्रीण स्वराली वाचणार होती. मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू झालं, स्वराली माइकपाशी आली, तिनं तोंड उघडलं आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. ते जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरतच राहिलं.

तिनं तक्रार केल्यावर प्रक्षेपण करणाऱ्या व्हिडिओ कंपनीचं चॅटवर उत्तर आलं, "आमच्याकडून व्हिडिओ सोडला आहे. नेटवाल्यांना विचारा."

नेटवाले म्हणजे स्वरालीचेच बाबा, रघुवीरअण्णा. तेजस्वीनं फोन लावला.

"अण्णा, शंभरचा स्पीड म्हणून कनेक्शन दिलंय, आणि माझी कथा अडकून बसलीया!"

"आमची लाइन एकदम क्लिअर हाय गं," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "ती व्हिडिओ कंपनीच सोडंना झालीया. मी बी घरात बसून ह्याच लाइनीवर आमच्या स्वरालीला बघालोय की! एक शब्द तुटला न्हाय."

तेवढ्यात चक्र थांबलं. कथा संपली होती, टाळ्या पडत होत्या आणि कॅमेरा श्रोत्यांकडे वळला होता.


पहिल्याच रांगेत रघुवीरअण्णा सहकुटुंब बसले होते, कानाला फोन लावून.