हो ना, छान ऊन

“काय सुंदर ऊन पडलंय!” कुंपणापलीकडून इमरिस म्हणाले, आणि चारुता सवयीने म्हणाली, “हो ना, छान ऊन आहे.”

लग्न होऊन ती वेल्समधल्या या खेड्यात आली, तेव्हा नवऱ्याने पहिला धडा हाच दिला होता. इथे कुणी भेटलं की हवेबद्दल बोलतं. आपण हो ला हो म्हणायचं, वाद घालायचा नाही. आपल्याकडे ‘काय, झालं का जेवण?’ विचारतात, तसंच. तिला हे बोलणं अगदी रिकामटेकडं वाटायचं. पण शेजारच्या या म्हाताऱ्या मेंढपाळाशी रोज सकाळी तेवढंच बोलणं व्हायचं.

छत्री सावरत ती घराकडे वळली आणि थबकली. ऊन? बर्फाचा बोचरा पाऊस तर सकाळपासून थांबलाच नव्हता!

तिने मागे पाहिलं. इमरिसांनी अंगातला जाड कोट काढून फाटकावर टांगला होता आणि नुसत्या सदऱ्यावर ते टेकडीवरच्या मेंढ्यांकडे निघाले होते.

छत्री टाकून, फाटकावरचा कोट उचलून ती धावली. “इमरिस, थांबा! ऊन नाहीये. पाऊस पडतोय, बर्फाचा!”

ते थांबले. तळहात पुढे करून त्यावर साचणारं पाणी बराच वेळ बघत राहिले. तिने त्यांच्या खांद्यावर कोट टाकला, तेव्हा ते थरथरत होते.

“मग मघाशी हो का म्हणालीस?” त्यांनी विचारलं. “घरातले हल्ली माझ्या प्रत्येक बोलण्याला होच म्हणतात. मला वाटलं, तू तरी खरं सांगशील.”