पितळी स्क्रू

जावयाने जुन्या बाजारातून आणलेलं मॉडेल विमानाचं चिमुकलं इंजिन सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. “क्लबात कुणालाच कंपनी ओळखता येईना. बाबा, तुम्ही अशी विमानं उडवायचात, ओळखता येतंय का बघा ना.”

सासूबाई द्वारकाबाईंनी मात्र लांबूनच ओळखलं. त्यातला पितळी स्क्रू त्यांच्याच शिलाई मशीनचा, नवऱ्याने काढून लावलेला. त्या मेल्या इंजिनापायी मशीन महिनाभर बंद पडलं होतं. नवरा लकव्याने दवाखान्यात पडला, तेव्हा त्यांनी इंजिन भंगारात घातलं. ‘ट्रंकेत जपून ठेवलंय,’ असं त्याला आजवर सांगत आल्या.

वाचा गेलेल्या नवऱ्याने स्क्रूवरून अंगठा फिरवला. मग त्याचं बोट शिलाई मशीनकडे गेलं आणि तिथून बाईंवर येऊन थांबलं.

“काय म्हणताहेत बाबा?”

“सदरा उसवलाय म्हणतात,” बाई म्हणाल्या. “उचला ते भंगार, जावईबापू. त्यांना आता काही ओळखू येत नाही.”