पंचवीस पॉइंट सात

०.१!

पुतणीने काकांच्या माशांच्या टँकशेजारच्या छोट्या स्क्रीनवरचा रुमाल उचलला आणि आकडा पुन्हा वाचला. पाण्याचं तापमान शून्य पॉइंट एक? म्हणजे बर्फच की! तिने घाईघाईत कोपरापर्यंत हात टँकमध्ये घातला. पाणी मस्त कोमट. टक्. हीटर लागला. जरा वेळाने स्क्रीनवर २५.७. टक्. हीटर बंद. हुश्श म्हणेपर्यंत आकडा उडाला थेट ५१.३ वर, आणि टँकवरचा पंखा भिरभिरायला लागला.

"हात धुतलास ना गं पाण्यात घालायच्या आधी?" काका दारातून ओरडले.

"हो काका," ती म्हणाली. धुतला नव्हता.

काकांचा धंदा चष्म्यांचा, जीव मात्र माशांत. त्यातही या एका चपट्या जोडीत. सहा वर्षांत जोडीने कितीदा अंडी घातली, पण दर वेळी दुसऱ्या दिवशी ती बुरशी येऊन पांढरी पडायची. एकदाही पिल्लू निघालं नाही. आता मादी म्हातारी झाली होती. परवा घातलेली ही खेप शेवटची. हीही गेली तर काका टँक कुणाला तरी देऊन टाकणार होते, आणि त्या जागी काकू शिलाई मशीन ठेवणार होती. तिने भिंतीचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

म्हणून तर आठवड्यापूर्वी पुतणीने स्वतःच्या हातांनी हे यंत्र बनवून बसवलं. पाण्यात सेन्सर, बाहेर छोटासा कॉम्प्युटर. पंचवीसच्या खाली गेलं की हीटर, सव्वीसच्या वर गेलं की पंखा. पहिल्या दिवशी स्क्रीनवर २५.७ आलं, काकांच्या काचेच्या थर्मामीटरवरही तेवढंच. दोघांनी टाळी दिली. मग उजेडाने मासे बिचकतात म्हणून काकांनी स्क्रीनवर रुमाल टाकला, आणि तो आज उचलला गेला.

तिने लॅपटॉप जोडला. दहा मिनिटांत चूक सापडली, आणि तिने कपाळावर हात मारला. सेन्सर २५.७ ला २५७ म्हणून पाठवायचा. कॉम्प्युटरच्या एका खणात २५५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून दोन खण. एकात दोनशेछप्पन्नचे गठ्ठे किती, दुसऱ्यात वरचे सुटे किती. सेन्सर आधी गठ्ठे पाठवत होता, आणि तिचा कॉम्प्युटर त्यांनाच सुटे समजत होता. २५७ म्हणजे एक गठ्ठा, एक सुटा. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेवढंच! नेमकी त्याच आकड्यावर तिने चाचणी घेतली होती. पाणी एका दशांशाने तापलं, की एक गठ्ठा दोन सुटे याचे व्हायचे दोन गठ्ठे एक सुटा, म्हणजे ५१.३. एका दशांशाने निवलं, की एक गठ्ठा शून्य सुटे याचे व्हायचे शून्य गठ्ठे एक सुटा. म्हणजे ०.१.

दुरुस्ती एका ओळीची. तिने ती लिहिलीसुद्धा. आता ती यंत्रात चढवायला फक्त एक बटण दाबायचं. कुणाला कळणारही नव्हतं.

"तुझ्या हाताला यश आहे हं!" काका शेजारी येऊन बसले. भिंग घेऊन अंडी बघायला लागले. "तिसरा दिवस आहे आज. एकही पांढरं नाही. आणि हे बघ, शेपट्या वळवळतायत आत!"

"यश कसलं," काकू आतून म्हणाली, "आठ दिवस नुसतं टक् टक् टक्. डोकं उठलं माझं. माझ्या खोलीत पंखा नाही धड, आणि माशांना बघा!"

काका इतके खूश होते, की पुतणीला राहवेना.

"काका, माझी चूक झालीय," तिने एका दमात सांगून टाकलं. "यंत्र आकडे उलटे वाचतंय. आठ दिवस. जरासं निवलं की त्याला वाटतं बर्फ झाला, जरासं तापलं की वाटतं आता उकळणार. तुमची अंडी नशिबाने वाचली."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "मग खरं पाणी किती होतं?"

हे तिने बघितलंच नव्हतं. तिने आठ दिवसांची नोंद उघडली, सगळे आकडे सुलटे करून घेतले. २५.७. २५.६. २५.७. २५.८. २५.७. ती खाली खाली जात राहिली. दिवस, रात्र, दुपारचं ऊन, पहाटेचा गारठा. या तीन आकड्यांखेरीज चौथा आकडाच नाही!

काका तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"आणि आता नीट केलंस की काय करेल हे?"

"मग शहाण्यासारखं वागेल. पाणी पंचवीस आणि सव्वीसच्या मधे कुठेही भटकलं तरी गप्प बसेल."

काकांनी लॅपटॉपची वायर हळूच उपटली आणि गुंडाळून खिशात घातली.

"सहा वर्षं मी शहाण्यासारखाच वागलो गं," ते म्हणाले, "आणि सहा वर्षं अंडी पांढरी पडली."