निळी पेन्सिल

उदगीरच्या आमच्या वसाहतीतले बोअर सातशे फुटांवरही कोरडे निघाले. शेवटी बुजलेला जुना ओढा उकरून, खोल करून पाणी जिरवा, असा अर्ज घेऊन सगळे नगरपरिषदेत गेले. पुढं भीमाशंकरअप्पा, कारण ते त्याच ऑफिसातून नकाशे करून निवृत्त झालेले.

नव्या इंजिनिअर बाईंनी शहराचा आराखडा पसरला. "इथं सगळा रहिवासी भाग दाखवलाय. ओढाच नाही. आणि खाली सही तुमचीच आहे, अप्पा."

अप्पा चष्मा पुसू लागले.

"ओढा होता की, बाई!" शेजारचे खाजामियाँ तावातावानं म्हणाले. "ल्हानपणी पवलोय आमी त्यात. अप्पा, दाखवा की!"

"रेघ मारून दाखवा," बाई म्हणाल्या. "आराखड्यात दुरुस्ती करू. रेघेवरची घरं मात्र पाडावी लागतील." त्यांनी निळी पेन्सिल पुढं केली.

सगळे नकाशावर वाकले. अप्पांनी बुजलेल्या ओढ्यावरच उभं असलेलं आपलं घर शोधलं आणि पेन्सिल गुपचूप दोन बोटं पलीकडं टेकवली.



खाजामियाँ कानाशी लागले, "अप्पा, तिथं माझं घर हाय."