मतदान केंद्राचा उंबरठा

यंदा मतदान केंद्र प्रार्थनागृहात आलं होतं. भिंतीवर धर्मगुरूंची मोठी तसबीर होती आणि उमेदवारही तेच होते. केंद्राध्यक्ष या नात्याने मी नियमावर बोट ठेवून सकाळीच ती चादरीने झाकून टाकली.

दुपारी ड्यूटीवरून थेट आलेल्या एका नर्सला तिथल्या सेवेकऱ्याने दारातच अडवलं.

"बूट काढ, मगच आत जा."

"मी मत द्यायला आलेय, प्रार्थनेला नाही."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "एवढा कसला ताठा? काढले बूट तर काय झिजणार आहेस?"

माझं डोकंच फिरलं. तरातरा दारापर्यंत गेलो आणि सेवेकऱ्याला सगळ्यांदेखत झापलं, "आज हे मतदान केंद्र आहे. इथे बूट काढायला लावायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही! बाई, तुम्ही बिनधास्त आत या."

ती उंबऱ्यातच थांबली, माझ्या पायांकडे बघत.

"साहेब, मग तुमचे कुणी काढायला लावले?"

कुणीच नाही. सकाळी कुलूप मीच उघडलं होतं. तेव्हा दारात चिटपाखरूही नव्हतं.