गोलपंचांची शिंक

शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, मिशिगनमधल्या रेडस्टोन या तांब्याच्या खाणींच्या गावात, जेबेझ ट्रेम्बाथ यांना शिंक आली. पगारी आइस हॉकी लीगच्या मोसमातला शेवटचा सामना बरोबरीत होता आणि ट्रेम्बाथ आपल्याच गावाच्या गोलमागे पंच म्हणून बर्फावर उभे होते. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. या खेळात गोलपंचाचा रुमाल फडकला की गोल झाला. मुख्य पंचांनी शिट्टी वाजवून पाहुण्या पाइन लेकला गोल दिला.

"जेबेझकाका, चकती माझ्या पायाला लागून बाहेर गेली!" गोलरक्षक ओरडला. "सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? शिंकताना डोळे मिटले होते रे."

"मग नाक पुसायला बाही नव्हती?"

"रुमाल निघाला, विषय संपला," मुख्य पंच म्हणाले.

रेडस्टोन त्या एका गोलाने हरलं आणि दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. अजिंक्यपदाचा निकाल आज पाइन लेकमधल्या जादा सामन्यात लागेल. तिथे पाइन लेकच्या गोलमागे, प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात, त्यांचाच माणूस पंच म्हणून उभा असेल. रेडस्टोनहून पाठीराख्यांची खास गाडी दुपारी खच्चून भरून निघाली. गावातल्या एकाही दुकानात तपकीर शिल्लक नाही.